पडक्या देवळाचं मूळ शिखर कसं होतं, हे कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा: गावाबाहेर काळ्या दगडाचं महादेवाचं जुनं देऊळ आहे. गाभाऱ्याच्या भिंती उभ्या आहेत, सभामंडपाचे निम्मे खांब आडवे झालेत, शिखर मुळीच नाही. भोवती शेकडो कोरीव दगड विखुरलेत. कोणी सांगतं, पांडव एका रात्रीत बांधत होते आणि कोंबडा आरवला म्हणून शिखर राहून गेलं. कोणी म्हणतं, पाडलं. आता गावकरी वर्गणी काढून आवार साफ करायच्या, दगड एका बाजूला लोटायच्या आणि वर सिमेंटचं शिखर चढवायच्या बेतात आहेत. प्रश्नकर्त्याला विचारायचंय की मूळ शिखर कसं होतं हे कळायला काही मार्ग आहे का, म्हणजे निदान तसं तरी बांधता येईल.

मार्ग आहे. पण गावकरी जे दगड बाजूला लोटायला निघालेत, तोच तो मार्ग आहे. म्हणून बाकी काही वाचायच्या आधी एवढं करा: जेसीबी आवारात येऊ देऊ नका. दगड कुठं पडलाय आणि कोणत्या अंगावर पडलाय, यात निम्मी माहिती असते. एकदा ढीग केला की ती कायमची गेली. मग कितीही मोठा जाणकार आणलात तरी तो अंदाजच सांगणार.

तुमचं देऊळ मी पाहिलेलं नाही आणि तालुकाही तुम्ही लिहिलेला नाही, त्यामुळे पुढचं बरंचसं जर-तरचं आहे. माझं काम जास्त करून नाशिक, खानदेश आणि मराठवाड्यातल्या यादवकाळाच्या आगेमागे बांधलेल्या देवळांवर झालंय. तुमचं गाव कोल्हापूरकडचं किंवा कोकणातलं असेल, तर काही गोष्टी बदलतील. त्या मी ओघात सांगेन.

काळाबद्दल आधी एक अडसर दूर करतो. चुना न वापरता नुसता दगडावर दगड बसवलेला दिसला की आपण हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. ज्याच्या नावावरून हा शब्द आला, तो हेमाद्री देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा अधिकारी, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला माणूस. अंबरनाथच्या शिवालयातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष आहे. ते देऊळ शिलाहारांचं आणि हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं, आणि तेही याच कोरड्या सांध्यांचं आहे. तेव्हा तुमच्या देवळाचा काळ सांध्यांवरून ठरत नाही. तो ठरतो शिलालेख असेल तर त्यावरून, नाहीतर खांबांची घडण, द्वारशाखा म्हणजे दाराच्या चौकटीचे कोरीव पट्टे, बाहेरच्या भिंतीवरचे थर आणि शिखराचा प्रकार या सगळ्यांचा मेळ घालून. शिखर गेलं की त्यातला सगळ्यात बोलका पुरावा गेला, म्हणून ते शोधायची एवढी खटपट.

शिखर नसण्याची कारणं ढोबळमानानं तीन. ते झालंच नाही, किंवा विटांचं होतं आणि विरून गेलं, किंवा दगडाचं होतं आणि कोसळलं. तिन्हींच्या खुणा वेगळ्या असतात.

काम अर्धवट राहिलेलं देऊळ कसं दिसतं, याचं उत्तम उदाहरण मध्य प्रदेशात भोजपूरला आहे. परमार राजा भोजाच्या काळातलं हे अकराव्या शतकातलं शिवालय पुरं झालंच नाही. दगड वर चढवायला घातलेला मातीदगडांचा उतार देवळामागं अजून आहे आणि आसपासच्या खडकांवर स्थपतींनी कोरलेले आराखडेही आहेत. इतकं नशीब आपल्याला लाभत नाही, पण लहान खुणा मिळतात. कारागीर दगड आधी ढोबळ घडवून जागेवर बसवत आणि बारीक कोरीवकाम बऱ्याचदा नंतर करत. त्यामुळे काम थांबलेल्या देवळात एखादा थर तीन बाजूंना नक्षीनं भरलेला आणि चौथ्या बाजूला नुसताच कोऱ्या पट्टीसारखा सापडतो. कीर्तिमुखांच्या रांगेत काही मुखांचे नुसते गोळे राहिलेले असतात. असं काही दिसलं, तर एका रात्रीच्या कथेमागं खरोखरच्या अपुऱ्या कामाची आठवण असण्याची शक्यता मी धरतो. पण ही कथा शिखर पडलेल्या देवळांनाही सर्रास चिकटलेली आढळते, म्हणून कथेला एकटीला पुरावा मानू नये.

विटांच्या शिखराची गोष्ट वेगळी. भिंती छतापर्यंत दगडाच्या आणि वर विटा-चुन्याचं शिखर, असं मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी दिसतं. विटा मूळच्याच होत्या की नंतरच्या जीर्णोद्धारातल्या, हे दर देवळागणिक तपासावं लागतं. औंढा नागनाथला खालचा कोरीव भाग जुना आणि वरचं चुन्यात लिंपलेलं शिखर नंतरचं, हा फरक कुणाच्याही डोळ्यांना सहज दिसतो. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात भिंतींवर इतकं देखणं काम आहे, पण शिखर नाही. तुमच्याकडे भिंतीच्या माथ्यावर चढता आलं तर पाहा. शिडी नीट लावा आणि सैल दगडावर भार देऊ नका. माथा सपाट, त्यावर चुन्याचा थर आणि खाली मातीत विटांचे तुकडे असतील, तर शिखर विटांचं होतं. पण वीट सापडली तर ती केवढी आहे, हे मोजा. जुनी वीट रुंद, चपटी आणि वजनदार असते. शंभरदीडशे वर्षांपूर्वी कुणी डागडुजी केली असेल तर त्या विटा लहान निघतात.

तुमच्या वर्णनात मात्र 'शेकडो कोरीव दगड' असं आहे. नुसता निम्मा सभामंडप पडून शेकडो कोरीव दगड निघत नाहीत. म्हणून माझा कल तिसऱ्या शक्यतेकडे आहे. शिखर दगडाचं होतं, ते कोसळलं आणि त्याचा बराचसा भाग अजून तुमच्या आवारातच आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शिखर कसं होतं हे आधी जमिनीवर पाहायचं, कारण आपल्याकडच्या देवळांत शिखराचा आराखडा जोत्यापासून ठरलेला असतो. गाभाऱ्याची बाहेरची भिंत सरळ नसते. मध्ये एक रुंद भाग पुढं आलेला असतो, त्याला भद्र म्हणतात. देवकोष्ठ, म्हणजे मूर्तीचा कोनाडा, बहुधा तिथंच असतं. भद्रापासून कोपऱ्याकडे जाताना भिंत टप्प्याटप्प्यानं आत सरकते आणि प्रत्येक टप्प्याला एक बाहेर आलेला कोन तयार होतो. हे कोन शोभेसाठी काढलेले नाहीत. जोत्याच्या थरांतून, जंघेवरून म्हणजे भिंतीच्या मधल्या उभ्या भागावरून, छज्जासारख्या वरंडिकेवरून ते तसेच वर चढतात आणि शिखरात जातात. खाली जेवढे कोन, वर तेवढ्या उभ्या रेघा.

खानदेश-नाशिक पट्ट्यात आणि माळव्यात जो भूमिज प्रकार रुजला, त्यात हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. सिन्नरचा गोंदेश्वर आणि मालेगावजवळच्या झोडग्याचा माणकेश्वर ही दोन देवळं जमलं तर प्रत्यक्ष जाऊन पाहा. दोन्हींची शिखरं बरीचशी शाबूत आहेत, आणि पडकं देऊळ समजून घ्यायचं तर आधी तसंच एखादं उभं देऊळ नजरेत बसलेलं असावं लागतं. भूमिज शिखराला चारही दिशांना, भद्राच्या बरोबर वर, तळापासून माथ्यापर्यंत जाणारा जाळीदार नक्षीचा एकेक पट्टा असतो. ही लता. दोन लतांच्या मधल्या भागात एकावर एक चढत गेलेल्या छोट्या शिखरांच्या रांगा असतात. प्रत्येक छोटं शिखर म्हणजे खाली बुटका खांब, वर इवलंसं शिखर आणि त्याच्या टोकाला बारीक आमलक, म्हणजे फाका पाडलेलं गोल चाक. अभ्यासक याला कूट म्हणतात. उभी रांग खालच्या एका कोनावर उभी असते, आणि आडव्या रांगेला भूमी म्हणतात. पाच, सात, नऊ अशा विषम भूमी घ्यायच्या, हा नेहमीचा पाठ. विदिशा जिल्ह्यातल्या उदयपूरचं उदयेश्वर मंदिर हे अकराव्या शतकातलं परमारांचं देऊळ या प्रकाराचा नमुना मानलं जातं. तिथं सात भूमी आहेत.

याचा अर्थ तुम्ही गाभाऱ्याच्या एका चतकोरात, म्हणजे एका भद्रापासून शेजारच्या भद्रापर्यंत, बाहेर आलेले कोन मोजले आणि तीन भरले, तर शिखराच्या त्या चतकोरात कूटांच्या तीन उभ्या रांगा होत्या. पाच भरले तर पाच. हे शिखराचा एकही दगड न बघता कळतं.

दुसरी मोजणी कोनांच्या अंतराची. गाभाऱ्याचा नकाशा मापानुसार कागदावर काढा, मधोमध बिंदू घ्या आणि तिथून प्रत्येक कोनाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. सगळी टोकं जवळपास एकाच वर्तुळावर बसली, तर आराखडा ताराकृती आहे, म्हणजे एकच चौरस मध्यबिंदूभोवती फिरवत फिरवत काढलेला. टोकं वर्तुळावर न बसता पायऱ्यांसारखी सरकत कोपऱ्याकडे गेली, तर तो सरळ चौरसावर टप्पे काढलेला आराखडा. यावरून शिखराचा घेर गोलाईकडे झुकणारा होता की चौकोनी, हे ठरतं. माप घेताना भिंतीला पोट आलं असेल तर वरच्या थराची मापं फसवतात. जोत्याच्या अगदी खालच्या थरावर फीत लावा.

इथवर झालं की मग दगडांकडे वळायचं. अंबरनाथच्या शिखराचा वरचा भाग गेलाय आणि गाभाऱ्यातून थेट आभाळ दिसतं, पण खालच्या भूमी जागेवर आहेत, म्हणून वरचं काय होतं हे सांगणं तितकंसं अवघड नाही. तुमच्याकडे खालची भूमीही जागेवर नाही. तेव्हा पडलेल्या दगडांतूनच ती जुळवायची.

आधी तीन प्रकारचे दगड शोधा. पहिला प्रकार कूटांचा. हातभर किंवा त्याहून लहान, देवळाच्या छोट्या प्रतिकृतीसारखा दिसणारा दगड. हे दगड नुसते आवारात शोधून भागत नाही. गावात लिंबाखाली, मारुतीच्या पारावर, विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले जे देव असतात, त्यांत एखाददुसरा कूट हमखास निघतो. लोकांनी ते भक्तीनं जपलेत म्हणून तर ते टिकलेत. त्यांना हात लावू नका, तिथंच फोटो काढा, माप घ्या. कूटांची रुंदी वरच्या भूमीला कमी होत जाते, कारण शिखर वर निमुळतं होतं. म्हणून सगळ्या कूटांची रुंदी एका वहीत लिहा आणि मग ती मापं लहानमोठ्या क्रमानं लावा. ती गटागटानं जमू लागतात. एका मापाचे बरेच, मग थोड्या कमी मापाचे बरेच. प्रत्येक गट म्हणजे एक भूमी. गट पाच निघाले म्हणून शिखर पंचभूम होतं, असं लगेच म्हणता येत नाही, एखादी भूमी पुरती नाहीशी झालेली असू शकते. पण निदान पाच होत्या, एवढं ठामपणे म्हणता येतं.

दुसरा प्रकार लतेच्या दगडांचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. जाळीसारखी गुंतलेली नक्षी असलेला, समोरून किंचित कललेला दगड म्हणजे लता. शिखराचे दगड आडव्या थरांत बसवलेले असतात, म्हणजे दगडाची खालची आणि वरची बाजू सपाट, आणि फक्त समोरचा चेहरा शिखराच्या वळणानुसार आत झुकलेला. तो जाळीचा चेहरा तुमच्याकडे राहील असा, सपाट तळावर उभा असलेला दगड निवडा. उलथा पडला असेल तर उलथाच राहू द्या, हिशेब कागदावर करता येतो. बाजूनं गुण्या लावून पाहा की उभ्या रेषेपासून चेहरा किती आत झुकलाय. एक फूट उंचीला दीड इंच झुकलेला दगड खालच्या भागातला. एक फुटाला चार-पाच इंच झुकलेला दगड माथ्याजवळचा, कारण शिखर खाली जवळजवळ उभं चढतं आणि वर जाताना झपाट्यानं आत वळतं. प्रत्येक दगडाची रुंदी, उंची आणि झुकाव अशी तीन मापं लिहा. रुंदी कमी होत जाते आणि झुकाव वाढत जातो, या दोन्हींचा मेळ बसला की दगड आपोआप खालीवर लागतात. दहा-बारा चांगले लतेचे दगड मिळाले तरी शिखराची बाह्यरेषा कागदावर उतरवता येते. उंचीसुद्धा बऱ्यापैकी अंदाजता येते.

तिसरा प्रकार आमलकाचा. शिखराच्या माथ्यावरचं ते आवळ्याच्या फाकांसारखं गोल चाक. मोठ्या देवळात ते एका दगडाचं नसतं, तुकडे जोडून केलेलं असतं, आणि पडल्यावर कमानदार फाकांचे तुकडे मिळतात. एकच तुकडा मिळाला तरी पुरे. त्याच्या कडेच्या दोन टोकांमध्ये दोरी ताणा, ते अंतर मोजा. मग दोरीच्या मध्यापासून कडेपर्यंतची उंची मोजा. अंतराचा वर्ग, भागिले उंचीच्या आठपट, अधिक उंचीचा निम्मा, एवढी त्याची त्रिज्या. समजा दोरी चार फूट आणि मधली उंची अर्धा फूट भरली, तर त्रिज्या सव्वाचार फूट, म्हणजे आमलक साडेआठ फूट व्यासाचं. एवढं चाक ज्या माथ्यावर बसत होतं तो माथा केवढा, हे मग कळतंच. आणि आमलकाचा घडलेला तुकडा नुसता सापडला, तरी काम किती पुढं गेलं होतं याचं उत्तर बऱ्यापैकी मिळतं. ज्या देवळाचं शिखर उभंच राहिलं नाही, तिथं माथ्याचा दगड तयार करून ठेवण्याचं फारसं कारण नसतं.

एक घोळ टाळायचा. सभामंडपावर शिखर नसायचं, बहुतेक ठिकाणी पायऱ्यापायऱ्यांचं पिरॅमिडसारखं छत असायचं. त्याचे दगड सरळ कडांचे, पागोळीसारखा काठ असलेले. ते याच ढिगात मिसळलेले असणार. म्हणून दगड कुठं पडलाय याची नोंद हवी, असं वर म्हटलं. गाभाऱ्याच्या मागं पडलेला दगड मंडपाचा असण्याची शक्यता कमीच.

हे सगळं भूमिज गृहीत धरून लिहिलंय. कूट एकही मिळाला नाही आणि त्याऐवजी मोठ्या शिखराला बिलगलेल्या अर्ध्या शिखरांचे दगड मिळाले, तर प्रकार वेगळा. कृष्णाकाठी खिद्रापूरच्या कोपेश्वरासारख्या देवळांवर कर्नाटकातल्या चालुक्य परंपरेची छाप आहे, तिथं शिखराचं गणितच निराळं. दगड वाचायची रीत मात्र तीच, नकाशातले कोन आणि पडलेल्या दगडांचा झुकाव.

ते कोसळलं कसं, हा तुमच्या गावातल्या वादाचा विषय आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. या देवळांच्या भिंती बाहेरून आतून घडीव दगडाच्या दिसतात, पण मधला गाभा बहुधा दगडगोट्यांची आणि मातीची भरण असते. माथ्यावरचा कळस किंवा आमलक एकदा हललं की पाणी त्या भरणीत उतरतं. दर पावसाळ्यात थोडी माती धुपते, पोकळी होते, तिथं पाखरांनी टाकलेलं पिंपळ-उंबराचं बी रुजतं. मुळं जाडावतात, बाहेरचा घडीव दगड पुढं सरकतो आणि भिंतीला पोट येतं. काही ठिकाणी दोन दगड लोखंडी पट्टीनं आत सांधलेले असतात. ते लोखंड गंजून फुगतं आणि दगडाची कड फोडतं. सभामंडपाचं दुखणं वेगळं. तिथं खांबांवर आडव्या दगडी तुळया असतात. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. एखादा खांब पायाशी खचला की तुळई खालच्या बाजूनं मधोमध तडकते, आणि एक तुळई गेली की तिच्यावरचं सगळं छत जातं. वैनगंगेकाठच्या मार्कंडा इथं मुख्य देवळाचं शिखर वीज पडून कोसळल्याची नोंद आहे, तेही एक कारण लक्षात ठेवा.

मुद्दाम तोडलं का, हे दगडावर दिसू शकतं. दगडाच्या तुटलेल्या कडेला ओळीनं चौकोनी खाचा असतील, तर त्या पाचरी ठोकून दगड चिरल्याच्या आहेत. हे काम करणाऱ्याला दगड न्यायचा होता. तो कुठं गेला हे बघायला गावाची वेस, गढीची भिंत, बारवेच्या पायऱ्या, जुन्या वाड्यांची जोती फिरून पाहा. मूर्तीचे फक्त चेहरे आणि हात फोडलेले आणि शेजारची नक्षी शाबूत असेल, तर तो घाव माणसानं घातलेला आहे. पण मूर्ती फोडलेली आहे म्हणून शिखरही त्याच हातानं पाडलं, असा निष्कर्ष निघत नाही. दोन्हींत काही शतकांचं अंतर असू शकतं. दगड जोत्याला लागून, खाली जड वर हलके असे ओळीनं पडले असतील, तर ते आपल्या भारानं आणि पाण्यानं कोसळलं, असं मी मानतो. गावात वाद असेल तर या खुणांचे फोटो समोर ठेवून बोला, वाद बराच थंड होतो.

इथवरचं थोडक्यात: आधी गाभाऱ्याच्या जोत्याचा मोजून नकाशा, मग कोनांची मोजणी, मग कूट, लता आणि आमलक यांची मापं, आणि हे सगळं दगड न हलवता. दोन-तीन जण आणि शाळेची उत्साही पोरं मिळाली तर एवढं काम सुट्टीत होण्यासारखं आहे. आवारात दोऱ्या ताणून दहा-दहा फुटांचे चौकोन पाडा, प्रत्येक चौकोनाला अक्षर द्या आणि दगडाचा क्रमांक खडूनं लिहा. तैलरंग वापरू नका, तो काळ्या दगडावरून निघत नाही. प्रत्येक फोटोत मापाची पट्टी हवी.

आता सिमेंटच्या शिखराबद्दल. आधी देऊळ संरक्षित आहे का, हे तपासा. केंद्राच्या यादीत असेल तर १९५८ चा कायदा लागतो आणि शंभर मीटरच्या आत बांधकामच करता येत नाही. राज्याच्या यादीत असेल तर १९६० चा राज्याचा कायदा आणि पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची परवानगी. कुठल्याच यादीत नसलं तरी संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला ग्रामपंचायतीच्या ठरावासह पत्र पाठवा, सोबत वर सांगितलेली मापं आणि फोटो जोडा. नुसत्या अर्जापेक्षा अशा कागदांची दखल लवकर घेतली जाते, असा माझा अनुभव आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी सिमेंटला माझा विरोध आहे, आणि कारणं सांगतो. या भिंती चुन्याशिवाय बसवलेल्या आहेत. त्यांच्या सांध्यांतून पाणी शिरतं तसं बाहेरही पडतं. वर सिमेंटचं घट्ट टोपण बसलं की पाणी आत अडकतं आणि क्षार घेऊन कोरीव दगडातून वाट काढतं, दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. शिवाय ज्या भिंतींची भरण धुपलेली आहे, त्यांच्यावर सळई-काँक्रीटचा नवा भार टाकणं धोक्याचं आहे. गाभाऱ्यात पूजा चालते, माणसं आत असतात. आणि सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे ते शिखर चढवायला जागा हवी म्हणून खरं शिखर उचलून ओढ्यात टाकलं जाईल.

दगड पुन्हा जागेवर बसवता येतात. मुरैना जिल्ह्यातल्या बटेश्वरला प्रतिहारकालीन देवळांचा अख्खा समूह ढिगाऱ्यात होता. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं के. के. मुहम्मद यांच्या पुढाकारानं २००५ च्या सुमारास काम हाती घेतलं आणि साठहून अधिक देवळं त्यांच्याच दगडांतून पुन्हा उभी केली. ते शक्य झालं कारण दगड तिथंच पडून होते. जतनाच्या कामात जगभर मानला जाणारा १९६४ चा व्हेनिसचा जाहीरनामाही हेच सांगतो की, अंदाज जिथं सुरू होतो तिथं जीर्णोद्धार थांबवावा. तुमच्याकडे सत्तर टक्के दगड सापडले तर जाणकारांच्या देखरेखीखाली शिखराचा मोठा भाग परत उभा राहू शकतो. वीसच टक्के सापडले, तर भिंती सावरून, सापडलेले दगड आवारात ओट्यावर नीट मांडून ठेवणं योग्य. तेव्हाही मी नवं शिखर बांधायला सांगणार नाही. कागदावर काढलेलं मूळ शिखराचं चित्र दाराशी फलकावर लावा, येणाऱ्याला त्यातून समजेल.

वर्गणी जमलीच असेल, तर ती या पावसाळ्याआधी तीन कामांना लावा. गाभाऱ्याच्या माथ्यावर पाणी तुंबत असेल तर त्याला वाट करून द्या आणि तूर्तास पत्र्याचं किंवा ताडपत्रीचं छप्पर घाला, पण त्याचे खांब देवळावर न टेकवता बाहेर जमिनीत रोवा. पिंपळ उपटू नका, उपटला की मुळांबरोबर दगड येतात. तो बुंध्याशी कापा, फुटवे आले की पुन्हा कापा, आणि भिंतीतली मुळं जागीच वाळू द्या. आणि तडकलेल्या तुळयांखाली लाकडी टेकू द्या, टेकूच्या डोक्यावर गोणपाटाची घडी ठेवा म्हणजे नक्षीला इजा होणार नाही. तालुका आणि गाभाऱ्याच्या जोत्याचे चारही बाजूंचे फोटो पाठवलेत, तर कोन मोजून शिखराबद्दल आणखी नेमकं सांगता येईल.